खिडकीपलीकडचा माणूस

केसपेपर काढण्याची रांग, बँकेतील पासबुकाची खिडकी, एसटी स्थानकातील चौकशी कक्षाची जाळी, विमा कंपनीच्या ग्राहकसेवेचा दूरध्वनी. शहरी माणसाचे किती तरी व्यवहार अशा अरुंद जागेतून पार पडतात. काम तेच असते, नियम तेच असतात आणि लागणारा वेळही जवळपास तेवढाच असतो. तरीही एका खिडकीवरून माणूस समाधानाने परततो, तर दुसरीवरून काम होऊनही अपमानित होऊन. या फरकामागे जे काही असते, त्याला ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हटले जाते. मराठीत ‘मृदू कौशल्ये’ हा प्रतिशब्द त्यासाठी रूढ झाला. समोरच्याचे ऐकून घेणे, त्याला समजेल अशा भाषेत सांगणे, नकारही नीट देणे, त्याची अडचण ओळखणे आणि स्वतःचा राग आवरणे या साऱ्यांचा त्यात समावेश होतो.

हा शब्दप्रयोग एखाद्या व्यवस्थापन संस्थेत जन्मला असावा, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो रुजला अमेरिकी लष्करात. सैनिकांच्या प्रशिक्षणाची शास्त्रशुद्ध आखणी सुरू असताना रणगाडा चालवणे, शस्त्र दुरुस्त करणे यांसारख्या कामांचे टप्पे पाडणे सोपे गेले. माणसांकडून काम करवून घेणे, चौकशी करणे, मार्गदर्शन करणे यांचे टप्पे मात्र काही केल्या पडेनात. १९७२ च्या डिसेंबरमध्ये टेक्सासमधील फोर्ट ब्लिस येथे या विषयावर स्वतंत्र परिषद भरली. पॉल व्हिटमोर या संशोधकाने तेथे मांडलेला निष्कर्ष आजही ताजा वाटतो. ज्या कामांविषयी आपल्याला पुष्कळ ठाऊक असते त्यांना आपण ‘हार्ड’ म्हणतो आणि ज्यांविषयी फारच थोडे ठाऊक असते त्यांना ‘सॉफ्ट’, असा त्याचा आशय होता. म्हणजे ही कौशल्ये मऊ वा सोपी नव्हेत. ती मोजता न आलेली कौशल्ये होत. ‘मृदू’ या विशेषणाने हा अर्थ पुसला गेला आणि गोड बोलणे म्हणजेच मृदू कौशल्य, असा गैरसमज पसरला. मराठी माणसाला गोड बोलणाऱ्याचा मुळातच संशय येतो. स्पष्टवक्तेपणाला येथे सद्गुण मानले जाते आणि पुणेरी पाट्यांचे तर कौतुकाने संग्रह होतात. त्यामुळे या विषयाकडे दीर्घकाळ किंचित थट्टेनेच पाहिले गेले.

रुग्णाच्या खाटेपाशी

या कौशल्यांची खरी कसोटी पाहायची तर रुग्णालयात पाहावी. केट ग्रेंजर ही इंग्लंडमधील यॉर्कशायरची तरुण डॉक्टर, वृद्धांच्या आजारांची तज्ज्ञ. २०११ मध्ये तिला दुर्मीळ प्रकारचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुसंसर्गामुळे ती रुग्णालयात दाखल झाली, तेव्हा तिला एक विलक्षण गोष्ट जाणवली. तपासायला येणारे, सुई टोचणारे, औषधे देणारे यांपैकी बहुतेकांनी तिला स्वतःचे नावच सांगितले नाही. ज्यांनी सांगितले त्यांत तिला तपासणीसाठी ढकलगाडीवरून नेणारा एक कर्मचारी होता. तिने व तिचा पती ख्रिस पॉइंटन याने ‘हॅलो, माय नेम इज’ या नावाने मोहीम सुरू केली. मागणी एवढीच, की रुग्णाला हात लावण्यापूर्वी आपले नाव सांगावे. ब्रिटनच्या आरोग्यसेवेतील असंख्य रुग्णालयांनी ती स्वीकारली आणि पिवळ्या रंगाचे नामपट्ट कर्मचाऱ्यांच्या अंगावर दिसू लागले. जुलै २०१६ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी ग्रेंजरचे निधन झाले. नाव सांगितल्याने रोग बरा होत नाही, हे तिला डॉक्टर म्हणून चांगलेच ठाऊक होते. तिच्या मते उपचार दोन माणसांमधील नात्यापासून सुरू होतात आणि नाव ही त्याची पहिली पायरी.

महाराष्ट्रातील रुग्णालयांत हा प्रश्न निराळ्या रूपात भेटतो. येथे परिचारिका ‘सिस्टर’ असते, आया ‘मावशी’ आणि वॉर्डबॉय ‘मामा’. अनोळखी माणसालाही नात्यात ओढून घेण्याची ही पद्धत रांगेत, बसमध्ये, भाजीबाजारात सर्वत्र आढळते. काका, ताई, दादा या संबोधनांनी व्यवहाराचा कोरडेपणा क्षणात कमी होतो आणि त्यासाठी कोणतेही प्रशिक्षण लागत नाही. परंतु त्याची एक दुसरी बाजूही आहे. वर्षानुवर्षे त्याच वॉर्डात काम करणाऱ्या मावशीचे नाव तेथील डॉक्टरांना अनेकदा सांगता येत नाही. रुग्ण आपलेपणाने हाक मारतो आणि संस्था त्याच हाकेच्या आड त्या बाईला निनावी ठेवते.

डॉक्टरांच्या ऐकून घेण्यावर झालेले संशोधनही उद्बोधक आहे. हॉवर्ड बेकमन व रिचर्ड फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये ७४ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले. तक्रार सांगू लागलेल्या रुग्णाला डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्येच थांबवत होते आणि आपले म्हणणे पूर्ण करू शकलेल्या रुग्णांचे प्रमाण केवळ २३ टक्के होते. मुभा दिली तर रुग्ण बोलतच राहील, ही डॉक्टरांची भीती असते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वित्झर्लंडमधील बाझल येथील अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णांना अजिबात न अडवता बोलू दिले. रुग्णांनी सरासरी ९२ सेकंद घेतले आणि बहुतेकांचे सांगणे दोन मिनिटांत आटोपले.

दीड मिनिट फार नव्हे, असे यावर म्हणता येईल. मात्र २०१७ मध्ये निरनिराळ्या देशांतील प्राथमिक तपासणीच्या वेळेचा आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा भारतातील एका तपासणीचा काळ सुमारे २ मिनिटे भरला, तर स्वीडनमधील २२ मिनिटांहून अधिक. दोन मिनिटांपैकी दीड मिनिट ऐकण्यातच गेले तर तपासायचे केव्हा आणि लिहायचे केव्हा? महापालिकेच्या बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टर तुसडा वाटतो, त्यामागे त्याच्या स्वभावापेक्षा दाराबाहेरच्या गर्दीचा हिशेब अधिक असतो. भारतात २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ या नावाने वृत्ती, नीतिमूल्ये व संवाद यांचे शिक्षण सक्तीचे करण्यात आले, हे स्वागतार्ह पाऊल होय. परंतु वर्गात शिकलेले ऐकणे वापरायला बाह्यरुग्ण विभागात वेळही मिळावा लागतो आणि तो अभ्यासक्रमातून मिळत नाही.

या संदर्भात अमेरिकेतील एक अभ्यास वारंवार उल्लेखिला जातो. एमी रेझ्नेस्की व जेन डटन यांनी रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांशी बोलून २००१ मध्ये ‘जॉब क्राफ्टिंग’ ही संकल्पना मांडली. फरशी पुसणे, कचरा नेणे हे काम सर्वांचे सारखेच होते. काही जण तेवढेच करत. काही जण मात्र कोणत्या रुग्णाला भेटायला कुणी येत नाही हे हेरून त्याच्याशी चार शब्द बोलत, गोंधळलेल्या वृद्ध नातेवाइकांना वाट दाखवत. दीर्घकाळ बेशुद्ध असलेल्या रुग्णांच्या विभागात काम करणारी एक कर्मचारी खोल्यांतील भिंतींवरची चित्रे अधूनमधून बदलून लावत असे. कदाचित त्या बदलाने रुग्णाला काही चालना मिळेल, ही तिची आशा. यांपैकी काहीही तिच्या कामाच्या यादीत नव्हते. स्वतःला उपचार करणाऱ्यांपैकीच एक समजणाऱ्या या माणसांना आपले काम अधिक अर्थपूर्ण वाटत होते, असे संशोधकांना आढळले.

विश्वासाचे दार

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या विषयातील सर्वांत भरीव प्रयोग कार्यालयांत नव्हे, खेड्यांत झाले. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. त्यांतील अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांच्या घरच्या घरी देखभालीचा प्रयोग केला. गावच्या आरोग्यदूत स्त्रियांना बाळाचा श्वास मोजणे, वजन करणे, जंतुसंसर्ग ओळखणे व गरजेनुसार इंजेक्शन देणेही शिकवले गेले. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते.

हे यश वैद्यकीय तंत्राचे आहेच. परंतु ते तंत्र बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचायचे तर आधी सासूने दार उघडावे लागते. बाहेरून आलेल्या शिक्षित परिचारिकेसाठी जे दार उघडत नाही, ते गावातल्या ओळखीच्या बाईसाठी उघडते. कारण तिला कोणत्या घरी केव्हा जावे, कोणाशी आधी बोलावे, पहिल्याच भेटीत कोणता प्रश्न विचारू नये, हे ठाऊक असते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ सेविकांची योजना आली आणि २०११ पासून नवजात बालकांसाठी घरभेटींचे काम त्यांच्याकडे देशभर सोपवण्यात आले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. शासनदरबारी मात्र त्या कर्मचारी नव्हेत, ‘स्वयंसेविका’ ठरल्या आणि त्यांना वेतन नव्हे, तर मानदेय व कामागणिक मोबदला मिळत आला. घरोघरी मिळवलेल्या विश्वासाला दरपत्रकात रकाना नाही.

हसण्याची मजुरी

आपुलकी हा नोकरीचा भाग झाला, की तिची किंमत कोण मोजतो? हा प्रश्न अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी ‘द मॅनेज्ड हार्ट’ या १९८३ च्या ग्रंथात विचारला. त्यासाठी त्यांनी विमानसेविकांच्या प्रशिक्षणाचा जवळून अभ्यास केला. प्रवासी कितीही उर्मट वागला तरी तो घाबरलेला लहान मुलगा आहे असे समजा, अशा धर्तीची शिकवण तेथे दिली जाई. अशा कामाला हॉकशील्ड यांनी ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. त्याचे त्यांनी दोन प्रकार केले. पहिला वरवरचा अभिनय, ज्यात चेहऱ्यावर हसू असते आणि मनात राग. दुसरा खोलवरचा अभिनय, ज्यात माणूस आपली भावनाच बदलण्याचा प्रयत्न करतो. ही कल्पना त्यांनी रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्कीच्या अभिनयविचारातून घेतली. रंगभूमीवरचा नट तीन अंकांनंतर रंग पुसून घरी जातो. काउंटरवरच्या मुलीला आठ तास आणि वर्षातले तीनशे दिवस तीच भूमिका करावी लागते. आपले हसू आपले की कंपनीचे, हे कळेनासे होण्याची भीती हॉकशील्ड यांनी व्यक्त केली. या श्रमाचा मोठा भार स्त्रियांवर पडतो आणि त्यांचा तो स्वभावच आहे असे गृहीत धरल्याने तो कौशल्यात गणला जात नाही, हेही त्यांनी दाखवून दिले.

पुणे, मुंबई, नवी मुंबईतील कॉल सेंटरमध्ये काम केलेल्या पिढीला हे समजावून सांगण्याची गरज नाही. २००० नंतरच्या दशकात परदेशी ग्राहकांसाठी रात्रपाळी करणाऱ्या हजारो तरुणांनी पाश्चात्त्य टोपणनावे घेतली, उच्चार बदलले आणि आवाजात हास्य आणण्याचे धडे गिरवले. ग्राहक शिवीगाळ करत असला तरी स्वर चढता कामा नये आणि सरासरी संभाषण ठरावीक मिनिटांपलीकडे लांबता कामा नये, ही दोन बंधने एकाच वेळी पाळावी लागत. आपुलकी दाखवा, पण लवकर आटोपा! अशा परिस्थितीत जन्मते ते पाठ केलेले सौजन्य. ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य ऐकून आजवर कोणाचे समाधान झाले असेल, असे वाटत नाही.

अधिकार आणि अर्थ

उलट दिशेचा प्रयोग स्कँडिनेव्हियात झाला. तोट्यात आलेल्या ‘एसएएस’ या विमान कंपनीची सूत्रे १९८१ मध्ये यान कार्लसन यांच्या हाती आली. कंपनीच्या १ कोटी प्रवाशांचा वर्षभरात प्रत्येकी सुमारे ५ कर्मचाऱ्यांशी, दर वेळी सरासरी १५ सेकंद संबंध येतो, असा हिशेब त्यांनी मांडला. म्हणजे वर्षाला ५ कोटी वेळा कंपनीची परीक्षा होते आणि त्या वेळी तेथे साहेब हजर नसतो. कार्लसन यांनी यातून काढलेला निष्कर्ष हसण्याच्या प्रशिक्षणाचा नव्हता. प्रवाशाची अडचण तेथल्या तेथे सोडवण्याचा अधिकार त्यांनी खिडकीवरच्या माणसाला दिला. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याने कितीही नम्रतेने ‘वरून आदेश नाही’ असे सांगितले तरी ग्राहकाच्या दृष्टीने तो नकारच असतो.

मिशिगन विद्यापीठातील एका प्रयोगाने आणखी एक पैलू पुढे आणला. माजी विद्यार्थ्यांना दूरध्वनी करून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांची गाठ, त्या देणगीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी अवघी पाच मिनिटे घालून देण्यात आली. अ‍ॅडम ग्रँट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात, महिन्याभरानंतर त्या गटाचा दूरध्वनीवरील वेळ दुपटीहून अधिक झाला आणि जमलेली रक्कमही. त्यांना संवादकौशल्याचा एकही धडा दिला गेला नव्हता.

महाराष्ट्रात शासकीय पातळीवर या प्रश्नाला कायद्याचे उत्तर शोधण्यात आले. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला आणि दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्यास दंडाची तरतूद झाली. ‘उद्या या’ या दोन शब्दांना त्यामुळे निदान कागदोपत्री उत्तर मिळाले. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या ‘मिशन कर्मयोगी’ या कार्यक्रमात वर्तनविषयक प्रशिक्षणाला स्थान आहे. मुदत मोजता येते. पण दाखला हातात देताना मान वर करून पाहिले की नाही, याची तपासणी कोणताही अपील अधिकारी करू शकत नाही.

नफ्यातील वाटा

प्रशिक्षणाने फरक पडतो का, या शंकेचे उत्तर बंगळुरूच्या कापड कारखान्यांतून मिळते. एका अमेरिकी वस्त्रकंपनीने २००७ मध्ये आखलेला ‘पेस’ हा कार्यक्रम तेथील स्त्री कामगारांना देण्यात आला. संवाद, वेळेचे नियोजन, अडचण मांडणे, निर्णय घेणे असे त्याचे विषय होते. अच्युत अध्वर्यू, नम्रता कला व अनंत न्यशधाम या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा काटेकोर अभ्यास केला. प्रशिक्षित स्त्रियांची उत्पादकता इतरांच्या तुलनेत १० टक्क्यांहून अधिक वाढली आणि कंपनीचा खर्च काही महिन्यांतच कित्येक पटींनी वसूल झाला. त्या स्त्रियांचे वेतन मात्र जेमतेम अर्ध्या टक्क्याने वाढले. शिलाईयंत्रावर बसणाऱ्या बाईलाही या कौशल्यांचा उपयोग होतो, हे या अभ्यासाने सिद्ध केले. त्या उपयोगाचा वाटा कोणाला मिळाला, हेही त्यातच स्पष्ट आहे.

अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड डेमिंग यांनी २०१७ मध्ये दाखवून दिल्यानुसार, अमेरिकेत १९८० ते २०१२ या काळात माणसांशी सतत संबंध येणाऱ्या नोकऱ्यांचा एकूण रोजगारातील वाटा जवळपास १२ टक्केबिंदूंनी वाढला. यंत्रे हिशेब करू लागली आणि माणसांकडे माणसांचे काम उरले. भारतीय बँकांतही हेच घडताना दिसते. पैसे काढणे एटीएमकडे गेले, पाठवणे २०१६ नंतर यूपीआयकडे आणि पासबुक छापणे यंत्राकडे. खिडकीपाशी आता येतो तो मृत पतीच्या खात्याचे काय करायचे हे विचारणारा, फसवणूक झालेला, अंगठ्याचा ठसा उमटत नसलेला ग्राहक. सोपी कामे निघून गेल्याने उरलेले प्रत्येक काम अवघड आहे आणि त्यासाठी लागणारा संयम पूर्वीपेक्षा अधिक.

गप्पांची रांग

नेदरलँड्समधील ‘युम्बो’ या किराणा साखळीने २०१९ च्या उन्हाळ्यात फ्लेमेन या गावातील दुकानात ‘क्लेट्सकासा’ म्हणजे गप्पांची रांग सुरू केली. घाई नसलेल्यांनी तेथे उभे राहावे आणि पैसे देताना निवांत बोलावे, अशी ही सोय. वृद्धांमधील एकाकीपणाविरुद्ध तेथील सरकारने हाती घेतलेल्या मोहिमेला तिची जोड मिळाली आणि २०२१ मध्ये अशा रांगा २०० दुकानांत काढण्याचे जाहीर झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ मधील अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणाने ग्रासले आहे. हे पाहता किराणा दुकानदाराचे चार शब्द क्षुल्लक मानता येत नाहीत. आपल्याकडच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे ही रांग पूर्वापार होती, फक्त तिला नाव नव्हते.

फ्रान्सच्या टपाल खात्याने २०१७ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. वृद्ध आई-वडिलांच्या घरी पोस्टमनने ठरावीक दिवशी जाऊन विचारपूस करायची आणि दूर राहणाऱ्या मुलांना खुशाली कळवायची, अशी सेवा मासिक शुल्क आकारून देण्यात येऊ लागली. पत्रे कमी झाली होती आणि हजारो पोस्टमनांना काम हवे होते. त्यावर टीकाही झाली, कारण फ्रेंच खेड्यांतला पोस्टमन हे काम पिढ्यान्‌पिढ्या विनामूल्य करत आला होता.

भारतातही पोस्टमन नुसता पत्रे टाकत नसे. तो ती वाचून दाखवी, उत्तर लिहून देई आणि मनीऑर्डरचे पैसे मोजून हातावर ठेवी. २०१८ मध्ये टपाल खात्याची पेमेंट्स बँक सुरू झाली आणि २०२० च्या नोव्हेंबरपासून निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा डिजिटल दाखला घरी येऊन देण्याचे काम पोस्टमनकडे आले. वृद्ध व्यक्ती जिवंत असल्याची खात्री पोस्टमनने यंत्रावर ठसा घेऊन करायची, अशी ही व्यवस्था. सेवा सुरू झाली तेव्हा तिचे शुल्क ७० रुपये ठेवण्यात आले होते. त्यात आधार क्रमांक नोंदवणे, ठसा घेणे आणि दाखला तयार करणे यांचा समावेश होता. ठसा उमटेपर्यंत खुर्चीवर बसून आजोबांच्या गुडघेदुखीची कथा ऐकणे हे त्या पोस्टमनच्या मर्जीवर राहिले.